क्लचची दोन बोटं

दादांच्या डाव्या पायातली ताकद गेली आहे, हे सगळ्यांत आधी मला कळलं होतं. डॉक्टरांच्या आधी, आईच्या आधी, कदाचित दादांनी स्वतःशी कबूल केलं त्याच्याही आधी. आणि ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी मी पाना घेऊन त्यांच्या गाडीची क्लच केबल ताणून ठेवली, म्हणजे ते कोणाला दिसू नये. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी तीन दिवस बसलो होतो, तिलाही नाही. आता माझं वय दादा गेले तेव्हाच्या त्यांच्या वयापेक्षा जास्त झालं आहे, आणि हल्ली जिना उतरताना मी विनाकारण स्वतःच्या डाव्या पायाकडे बघतो, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही तेव्हा नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत दोन खोल्यांत राहायचो. वीजकेंद्राची राख सगळीकडे असायची. आई दोरीवरचे कपडे काढताना प्रत्येक कपडा दोनदा झटकायची, आणि भांडी पालथीच ठेवायची. पहाटे स्टोचा आवाज, पाठोपाठ भाकरी थापल्याचा आवाज, आणि मग बाहेर दादांची व्हॅन सुरू होण्याचा आवाज, या क्रमाने आमचं घर जागं व्हायचं. दादा शाळेची व्हॅन चालवायचे. पुढे नाक नसलेली, चपट्या तोंडाची गाडी. एकलहऱ्याच्या कॉलनीतली पोरं सकाळी शाळेत सोडायची आणि दुपारी परत आणायची. गाडी त्यांची स्वतःची होती, आणि माझ्यापेक्षा ती त्यांची जास्त लाडकी आहे असं आई म्हणायची. जाण्याआधी दादा उभ्याउभ्या बाजरीची भाकरी आणि रात्रीची काळ्या मसाल्याची आमटी खायचे. बसून खा म्हटलं की म्हणायचे, दिवसभर बसायचंच आहे.

त्या वर्षी घरात एक नवा आवाज आला होता. दादा मोरीकडे जाताना त्यांची डावी चप्पल फरशीवर घासायची आणि मधेच पायातून निसटायची. आईने त्याचं खापर चपलेच्या अंगठ्यावर फोडलं. चांभाराकडून अंगठा बदलून आणला, मग पट्टा आवळून आणला, शेवटी नवीन जोडच आणला. नवीन जोडही निसटायचा. आई म्हणाली, हल्ली चपलाच धड बनवत नाहीत. दादा हसले. मीही हसलो. चप्पल आईच्या खात्यातली होती आणि गाडी माझ्या, त्यामुळे पुढे जे झालं ते माझ्या वाट्याला आलं.

मी आयटीआयला मोटर मेकॅनिकचा कोर्स करून बागूल मिस्त्रींच्या गॅरेजात लागलो होतो. मिस्त्री मूळचे कळवणकडचे. आमच्याशी बोलताना मराठी बोलायचे, पण कामात डोकं शिरलं की अहिराणीत शिरायचे. जेवणाच्या डब्यात त्यांच्या कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि लसणाची लाल चटणी असायची, आणि माझ्या आमटीला ते पाणी म्हणायचे. "तुन्या मायने आज पन पाणीच देलं का रे इलास?" असं विचारून अर्धी भाकरी माझ्या डब्यात टाकायचे. विलासचा इलास त्यांनी पहिल्याच दिवशी केला होता.

गिअर जड पडतो अशी तक्रार घेऊन गाडी आली की मिस्त्री पान्याला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर घालून बघायचे. बंद इंजिनातही गिअर अडत असेल तर दोष गिअरबॉक्समध्ये, नाहीतर दांडीच्या जोडणीत. बंद असताना लोण्यासारखा पडतो आणि इंजिन चालू केल्यावर अडतो, करकरतो, तर क्लच पूर्ण सुटत नाही. मग केबल बघायची, पेडलची मोकळी चाल बघायची. पेडल हाताने दाबलं की वजन लागण्याआधी दोन बोटं नुसतंच खाली गेलं पाहिजे, हे त्यांचं माप. ही दोन बोटं ते खरंच आपली आडवी बोटं धरून मोजायचे, पट्टी कधी घेतली नाही. आणि एवढं सगळं ठीक निघालं तर शेवटची पायरी. गाडीच्या मालकाला सीटवर बसवायचं, दार उघडं ठेवायचं, आणि आपण बाहेर उकिडवं बसून फक्त त्याचे पाय बघायचे. कितीतरी वेळा तिथेच उलगडा व्हायचा. कोणी पाय क्लचवरच ठेवून गाडी चालवायचा, कोणाची सीट मागे सरकलेली असायची. मिस्त्री त्याला काही न बोलता सीट दोन खाचा पुढे ओढून द्यायचे.

दादांनी व्हॅन आणली तेव्हा मिस्त्री भाचीच्या लग्नाला कळवणला गेले होते. दादा म्हणाले, गिअर लय जड पडतोय, पहिला तर जातच नाही, पोरं कानावर हात ठेवतात. मला वाटतं, मिस्त्री नाहीत हे बघूनच ते आले होते, पण हे आजचं वाटणं आहे. मी पद्धतीप्रमाणे सुरुवात केली. इंजिन बंद, सगळे गिअर अलगद पडले. इंजिन चालू केलं, क्लच दाबला, पहिला, दुसरा, रिव्हर्स, सगळे पडले. करकर नाही, काही नाही. केबल नवी होती, मीच सहा महिन्यांपूर्वी घातलेली. मोकळी चाल मोजली, दोन बोटं. गाडीत काहीच नव्हतं. मग मी दादांना बसायला सांगितलं आणि दाराबाहेर उकिडवा बसलो.

त्यांचा डावा पाय पेडलवर गेला. पेडल निम्म्याच्या थोडं पुढे जाऊन थांबलं. मांडी थरथरायला लागली, विजारीच्या कापडावरूनही दिसावं इतकी. त्यांनी गिअर घातला आणि करकर झाली. मग त्यांनी गिअरवरचा डावा हात काढला, गुडघ्यावर ठेवला आणि पाय वरून खाली दाबला, हापसा दाबावा तसा. पेडल तळाला टेकलं, तेव्हा हात पटकन पुन्हा गिअरवर नेला, आणि गिअर पडला. हे सगळं त्यांनी इतक्या सराईतपणे केलं की कितीतरी दिवसांपासून चाललेलं असणार. मी वर पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते.

"गाडीचं बघ," ते म्हणाले. "माझं नको बघू."

मी एवढंच बोलायला हवं होतं की दादा, उद्यापासून गाडी चालवू नका. ते मी का बोललो नाही, हे सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. भीती होती, लाज होती, हे खरं आहे, पण त्याच्या आड जे होतं ते असं, की सातपूरच्या एका कारखान्यातून मला शिकाऊ म्हणून बोलावणं आलं होतं. तीन आठवड्यांनी हजर व्हायचं होतं. निळा गणवेश, कॅन्टीन, ओळखपत्र. दादा घरी बसले तर व्हॅन मला चालवावी लागणार होती. पोरांच्या डब्यांचा वास, दप्तरं, दोन्ही वेळा तोच रस्ता. हा विचार मी उकिडवा बसलो असताना, त्यांची मांडी थरथरताना केला. मग उठलो, पाना घेतला आणि केबल ताणली. पेडलची मोकळी चाल काढूनच टाकली, म्हणजे निम्मं दाबलं तरी क्लच सुटेल. त्यांना पुन्हा बसवलं. गिअर पडला. दादांचा चेहरा असा मोकळा झाला की मला त्या क्षणी आपण काहीतरी चांगलं केलं असंच वाटलं. संध्याकाळी ते माझ्यासाठी जिलेबी घेऊन आले. आईला म्हणाले, "पोराच्या हाताला गुण आहे."

तसं ताणणं गाडीला चालत नाही, हे मला माहीत होतं. चालच उरली नाही की प्लेट पूर्ण धरत नाही, घसरते, जळते. तीन आठवडे निघावेत एवढाच माझा हिशोब होता. सुमनमावशींना वास आधी आला. त्या आमच्यापासून चार घरं सोडून राहायच्या आणि व्हॅनवर मदतनीस होत्या. पोरांना उतरवायचं, हात धरून रस्ता ओलांडून द्यायचा, परत यायचं आणि गाडीच्या चपट्या तोंडावर दोन थापा मारायच्या, म्हणजे दादा निघायचे. त्यांनी दादांना सांगितलं की गाडीला करपल्याचा वास येतोय, आणि त्यांच्याच आग्रहाने दादा एका संध्याकाळी गॅरेजात आले. या वेळी मिस्त्री होते.

मिस्त्रींनी पेडलला हात लावला आणि मान वर केली. "हाई केबल कोनी तानी रे?" मी म्हणालो, मी. त्यांनी विचारलं, कशासाठी. मी म्हणालो, गिअर जड पडत होता. "गिअर जड, म्हनून चालच काढी टाकी? पलेट जळी जाई ना येडा." रागावले नव्हते. शिकवताना बोलायचे तसंच बोलले. खाली वाकून त्यांनी केबल सैल केली, पेडल दाबून पाहिलं, आडवी बोटं धरली. दोन बोटं. मी त्यांच्या मागे कंदील धरावा तसा हातात दिवा धरून उभा होतो. दादा बाजूला टायरवर बसून चहा पीत होते आणि चहाच्या पेल्यात बघत होते. आम्हा दोघांपैकी एकजण एक शब्द बोलला असता तरी मिस्त्रींनी दादांना सीटवर बसवलं असतं, दार उघडं ठेवलं असतं आणि उकिडवे बसले असते. मिस्त्रींनी तसं आपणहून केलं नाही, कारण दोष त्यांना सापडला होता. ताणलेली केबल हाच दोष होता, आणि तो मी केलेला होता.

घरी येताना दादांनी गाडी तीनदा करकरवली. जेवताना म्हणाले, "गिअर परत जड झालाय रे." मी ताटातून मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी मला कारखान्यात हजर व्हायचं होतं आणि आई माझ्या शर्टाला बटण लावत बसली होती. केबल पुन्हा ताणायला पाच मिनिटं लागली असती. गाडी दारातच उभी होती.

"उद्या बघू," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरांना सोडताना ते झालं. गिअर पडत नाही म्हणून दादांनी कधीपासूनच एक सवय लावून घेतली होती, थांब्यावर गाडी न्यूट्रलला आणायचीच नाही. पहिला गिअर तसाच ठेवायचा आणि क्लच दाबून धरायचा, म्हणजे पुन्हा घालायला नको. केबल ताणलेली असताना हे निम्म्या पायावर निभत होतं. त्या दिवशी पाय तळापर्यंत दाबून धरायचा होता, दोन बोटं जास्त. पुढे भाजीचा एक टेम्पो उभा होता. मावशी पोराला पलीकडे सोडून परत येत होत्या, गाडी आणि टेम्पोच्या मधून, हात थाप मारायला उचललेला. पाय सुटला. गाडीने जेमतेम दीड हात उडी मारली. तेवढीच जागा मध्ये होती. व्हॅनमधल्या एकाही पोराला खरचटलं नाही.

मी संध्याकाळी कारखान्यातून आलो तो निळ्या गणवेशात. आई ओट्यावर बसली होती. दादा आत भिंतीला टेकून बसले होते, आणि त्यांचा डावा हात डाव्या मांडीवर होता. मावशींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या जगल्या. पुढे सात-आठ महिन्यांनी काठी धरून उभ्या राहिल्या, पण काठी सुटली नाही ती कधीच.

दोन दिवसांनी शाळेच्या ऑफिसात बैठक बोलावली. पालक होते, एक पोलीस हवालदार होते, दादा होते, त्यांच्याबरोबर मी होतो, आणि मिस्त्रींना निरोप गेला म्हणून तेही आले होते, ग्रीसचे हात धुऊन, स्वच्छ सदरा घालून. गाडीची सरकारी तपासणी व्हायची होती, पण कागदाची वाट बघायला कोणी तयार नव्हतं. दादांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, क्लच सुटला नाही, गाडी पुढे गेली. मग एका पालकाने माझ्याकडे वळून विचारलं, तू मेकॅनिक आहेस ना, गाडीला शेवटचा हात कोणी लावला होता?

मी म्हणालो, "आदल्या दिवशी मिस्त्रींनी केबल सैल केली होती."

यातलं अक्षर न अक्षर खरं होतं. मी पुढची कितीतरी वर्षं स्वतःला हेच सांगितलं, की मी खोटं बोललो नाही. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर आज मला हे लिहायला सोपं गेलं असतं. ते विचारात पडले होते. आपली बोटं आठवत होते. मग म्हणाले, "हो. मीच सैल केली." दादांनी मांडीवरचा हात हलवला नाही आणि तोंड उघडलं नाही. त्या खोलीत खरं माहीत असलेले आम्ही दोघं बापलेक होतो. त्यानंतर दादा जगले ती चार वर्षं आम्ही या गोष्टीबद्दल एकमेकांशी एक वाक्य बोललो नाही.

मिस्त्रींवर गुन्हा वगैरे काही झाला नाही. तेवढीही गरज पडली नाही. शाळांच्या व्हॅन त्यांच्याकडे येणं आठवड्याभरात थांबलं, मग बाकीच्या गाड्या. ते पोरांच्या गाडीचा क्लच बिघडवणारे मिस्त्री झाले. सुमनमावशी बिछान्यावरून त्यांना रोज शिव्या द्यायच्या. आई डबा घेऊन जायची तेव्हा त्या आईचा हात धरून म्हणायच्या, "तुमच्या मालकांचा काही दोष नाही हो ताई, त्या मेल्या मिस्त्रीचे हात झडले पाहिजेत." आई घरी येऊन ते जसंच्या तसं सांगायची आणि दादा पाणी मागायचे. वर्षभरात मिस्त्री गॅरेज बंद करून कळवणला गेले. जाताना मला भेटायला आले नाहीत, आणि मी गेलो नाही. मी कारखान्यात कायम झालो होतो.

दादांच्या पायाचं नाव त्यानंतर कळलं. नसांचा आजार, जो पायातून वर चढत जातो आणि ज्याला औषध नाही. डॉक्टरांनी विचारलं, वर्षभर आधीपासून सुरू असणार, घरात कोणाच्या काही लक्षात आलं नव्हतं का? आई म्हणाली, चप्पल निसटायची. आणि रडायला लागली, की मीच बिचाऱ्या चांभाराला बोलत बसले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही अशी. खुर्चीत दादा होते. त्यांनी तेव्हा बोलता येत असूनही काही म्हटलं नाही. नंतर तर बोलणंही गेलं, आणि शेवटचं वर्षभर ते फक्त डोळ्यांनी मागे लागायचे. आई विचारायची, पाणी हवंय का, कूस बदलायची का. ते माझ्याकडे बघत राहायचे. त्यांना काय हवं आहे ते मला समजत होतं. मी त्यांची कूस बदलायचो.

मुलगी आता गंगापूर रोडला राहते. तिची गाडी क्लच नसलेली आहे. तिच्या शेजारी बसलो की माझा डावा पाय खालच्या मॅटवर दाबला जातो. ती म्हणते, बाबा, तिथे काही नाहीये. मी म्हणतो, सवय.

मागच्या वर्षी एका लग्नासाठी सटाण्याकडे गेलो होतो, परत येताना गाडी कळवणला घ्यायला सांगितली. मिस्त्रींचं घर सापडायला वेळ लागला नाही. ऐंशीच्या घरात आहेत, नजर शाबूत, हात थोडे कापतात. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. "इलास ना रे?" सुनेने कळण्याची भाकरी आणि लाल चटणी आणली. अंगणात नातवाची जीप उभी होती. सून सहज म्हणाली की गिअर जड पडतो म्हणून नातू दोन महिने कुरकुरतोय, पण आबा गाडीला हात लावत नाहीत, नाशिकहून आले तेव्हापासून लावलाच नाही म्हणतात. मिस्त्री भाकरी खात राहिले. सून आत गेल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं आणि उजव्या हाताची दोन बोटं आडवी धरून माझ्यासमोर केली.

"एक सांग," ते म्हणाले. "तू दिवा धरी उभा व्हतास. मी इतलीच सोडेल व्हती ना? का जास्त?"

इतकी वर्षं हा माणूस ती संध्याकाळ मनात पुन्हा पुन्हा मोजत बसला होता, आणि त्या मोजणीचा एकुलता साक्षीदार मी होतो. मी म्हणालो, किती जुनी गोष्ट झाली मिस्त्री, आता कोणाला आठवतंय. त्यांनी मान हलवली, बोटं मिटली आणि मला अजून भाकरी घे म्हणाले. मी घेतली, खाल्ली आणि निघालो.

मिस्त्री अजून आहेत. सुमनमावशीही आहेत, एकलहऱ्यालाच, लेकीकडे. माझ्याकडून त्या दोघांना एकच गोष्ट सांगायची राहिली आहे. माप बरोबर होतं, दोन बोटंच होती. पाय कमी पडत होता, आणि ते मला माहीत होतं.